बाण सुटल्यानंतर

बाण सुटला की मामू खाली बसायचे. बाण मारणारा पुढे धावायला निघालेला असायचा, त्याचे मित्र हातात फोन घेऊन त्याच्या मागे. आमचे मामू मात्र पायातल्या चपला काढून, त्या शेजारी नीट जोडून ठेवून, वाळूत मांडी घालून बसलेले. एक तळहात वर करून ते सगळ्यांना एकच गोष्ट सांगायचे. आधी अरबीत, मग फक्त माझ्यासाठी आमच्या बोलीत.

"बसा. पानी प्या. आपन बसलो की ती पन बसंल."

ती म्हणजे जखमी हरणी. तिच्या मागे कुणी लागलं नाही, तर ती थोडं अंतर जाते, एखादा आडोसा बघून बसते आणि बसल्या जागी शांत होते. मागे लागलं, तर पोटात जखम घेऊन ती पळत राहते, कुणाला सापडत नाही आणि कुठल्यातरी खबदाडात तडफडत मरते. हे मला मामूंनी शिकवलं. पाहुण्यांना ते कधीच पटलं नाही. श्रीमंत घरातली तरुण मुलं ती, वाट बघायची सवय नसलेली. पण मामू उठल्याशिवाय गाडीची किल्ली मिळायची नाही, म्हणून तीही नाइलाजानं बसायची.

सौदीतल्या हाइल शहराबाहेरची गव्हाची गोल शेतं संपली, की तांबडी वाळू आणि ग्रॅनाइटच्या टेकड्या सुरू होतात. तिथे एका बड्या माणसाचा फार्म होता. तारेच्या उंच कुंपणाआड त्यानं रीम जातीची हरणं पाळली होती. रीम म्हणजे आपल्याकडच्या चिंकाऱ्याची चुलत बहीण म्हणा. तसाच फिका रंग, तसेच काजळ घातल्यासारखे डोळे. मी तिथला जनावरांचा डॉक्टर. मामू फार्मचे मुकादम, मॅनेजर, वेळ पडली तर स्वयंपाकी, आणि हिवाळ्यात मालकाचे पाहुणे धनुष्यं घेऊन आले की माग काढणारे. बंदुकीला मालकाची मनाई होती. एका आवाजानं सगळा कळप कुंपणावर जाऊन आदळायचा.

मामू श्रीवर्धनच्या बाजूचे. मी वाईकडचा. घरी दोघांची मराठी एकमेकांना अर्धीच कळली असती, पण त्या वाळूत ती सख्ख्या भावंडांची भाषा झाली. परदेशात राहिलेल्यांना हे सांगायला नको. दिवसभर हिंदी आणि तुटकी अरबी बोलून जीभ दमते, आणि मग कुणी "काय डॉक्टर, जेवलाव काय" असं विचारलं, की आपण कुठे आहोत हे क्षणभर विसरायला होतं.

त्या भाषेचा मामू उपयोगही भलता करायचे. एकदा एका पाहुण्याचे लागोपाठ सगळे बाण हवेत गेले. मामूंनी छातीवर हात ठेवला, मान अदबीनं झुकवली आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "याला सांगू काय, धनुष्य वरातीत मिरवायला ठेव म्हनून?"

पाहुण्यानं विचारलं, काय म्हणतोय हा. मामू तितक्याच अदबीनं अरबीत म्हणाले, "डॉक्टर तुमच्या हाताची तारीफ करतायत." मला मान हलवावी लागली. पाहुणा खूश झाला. नंतर मामू गाडीच्या आडोशाला जाऊन डोळे पुसत हसत होते.

माग काढायला त्यांनी मला स्वतःहून सोबत घेतलं. म्हणाले, "तुमी जनावराचं आतलं बगता, मी भायेरचं बगतो." बाण लागताच हरणी उंच उडाली की घाव छातीत. पाठीची कमान करून खाली मान घालून चालू लागली की घाव पोटात, आणि मग जास्त वेळ थांबायचं. बाण सापडला की आधी वास घ्यायचा. गुलाबी फेसाळ रक्त असेल तर हरणी जवळच आहे. हिरवट घाण असेल तर आजचा दिवस लांबणार. रक्ताच्या थेंबांवरून कधी चालायचं नाही, बाजूनं चालायचं. प्रत्येक थेंबापाशी ते तीन खडे एकावर एक रचायचे. पुढे माग हरवला, तर मागे वळून त्या खड्यांची ओळ बघायची. हरणी कोणत्या दिशेला ओढ घेतेय ते कळतं.

आम्ही दोघं मिळून बरेच माग काढले. कधी त्यांना आधी दिसायचं, कधी मला. मला दिसलं की ते मागे सरायचे आणि म्हणायचे, "चला, आता तुमच्या मागनं मी." त्यात काय आनंद व्हायचा, हे आता आठवायला नको वाटतं.

हरणी जिवंत सापडली की मामू घाई करत नसत. डोक्यावरची टोपी काढायचे, गुडघ्यावर बसायचे, एका हातानं तिचे डोळे झाकायचे आणि म्हणायचे, "माफ कर बाय." मग अल्लाचं नाव घेऊन सुरी चालवायचे. गाडीत पाहुणे फोटो बघत हसत असायचे आणि मामू काचेबाहेर बघत.

एका सुट्टीत माझी बायको आणि मुलगी व्हिजिट व्हिसावर आल्या. मुलगी इंग्रजी शाळेतली. तिनं मामूंना इंग्रजीतच विचारलं, हरणाला दुखत नाही का. मी भाषांतर करायच्या आत मामूंनी तिला मराठीत उत्तर दिलं. "दुखतं बाय. खूप दुखतं. म्हनून तर तिला एकटी सोडायची नाय." माझी बायको नंतर म्हणाली, "हा माणूस इथे आहे, आता मला तुमची काळजी नाही." मीही तेच धरून चाललो होतो.

आता त्या दिवसाचं सांगतो.

हिवाळ्यातली सकाळ. पाहुणा एकटाच आला होता. मालकाच्या मुलीच्या सासरचा, मोठ्या घरातला. त्याच्या मर्जीवर मालकाचे कितीतरी व्यवहार अवलंबून होते, हे फार्मवरच्या स्वयंपाक्यालाही ठाऊक होतं. अंतर जास्त होतं. मामूंनी हात आडवा करून नको म्हटलं. हरणी वळत असतानाच त्यानं बाण सोडला. तिनं पाठीची कमान केली आणि मान खाली घालून हळूहळू टेकाडाआड गेली.

मामू बसले. पाहुण्यानं थोडा वेळ वाट पाहिली, मग फोनवर बोलत बोलत स्वतःच्याच गाडीत बसला आणि निघून गेला. दुसरीकडे कुठेतरी त्याचं जेवण होतं. आम्ही दोघंच उरलो.

दुपारच्या नमाजानंतर मामू उठले. बाण सापडला, हिरव्या घाणीनं माखलेला. मी तो कापडात गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवला. रक्त फारसं नव्हतंच. कुठे एका दगडाच्या कडेला डाग, कुठे वाळलेल्या झुडपाच्या काडीवर पुसट रेघ. तीन खडे, पुढे पुन्हा तीन खडे. असं करत आम्ही कोरड्या ओढ्यात उतरलो आणि ओढ्यातून कुंपणापर्यंत आलो.

मागच्या पावसात पाण्याच्या लोंढ्यानं तिथली तार खालून उचकटली होती. तारेला फिके केस चिकटले होते. हरणी त्या फटीतून पलीकडे गेली होती.

पलीकडे सरकारी राखीव रान होतं. कुंपणाच्या आतली हरणं मालकाची, त्यांची कागदपत्रं होती. बाहेरच्या रानात हरणाला हात लावला तर तुरुंग आणि मग देशाबाहेर, हे आम्हाला पहिल्या दिवशी बजावलेलं. त्यात ही हरणी तरुण होती. तिच्या कानात फार्मचा बिल्ला अजून मारलेला नव्हता.

मी म्हटलं, "मामू, आधी राखीव रानाच्या ऑफिसला फोन करू या. ते येतील, त्यांच्यासोबत जाऊ."

"ते येतील उद्या. तंवर ती तडफडंल." त्यांनी तार वर उचलून धरली. "डॉक्टर, पोटात घाव हाय. सोडायची नाय."

मी वाकून पलीकडे गेलो. माझ्या मागून ते आले.

ती फार लांब गेली नव्हती. एका बाभळीसारख्या झाडाच्या बुंध्याशी बसली होती, मान ताठ, डोळे उघडे. आम्हाला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला, पण मागचे पाय उचलले नाहीत. मामूंनी टोपी काढली. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

मग ते शेजारच्या टेकाडावर चढले. हरणी उचलून न्यायला गाडी कुठून आणता येईल ते बघतो म्हणाले. वर कमरेवर हात ठेवून ते बराच वेळ उभे होते. मी खालून त्यांना बघत होतो. पाठीमागे स्वच्छ निळं आकाश, वारा अजिबात नाही. मग ते खाली आले.

"तुमी हितंच थांबा," ते म्हणाले. "मी गाडी घिऊन येतो. हिला एकटी सोडू नका, कोल्हे येतील."

आणि आलो त्या वाटेनं निघून गेले. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

थोड्या वेळानं गाडीचा आवाज आला, पण उलट्या बाजूनं. राखीव रानाची गस्तीची गाडी होती. त्यांनी काय पाहिलं ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. बिल्ला नसलेली, गळा कापलेली हरणी. शेजारी बसलेला एक परदेशी माणूस. त्याच्या बॅगेत औषधं, हातमोजे आणि कापडात गुंडाळलेला रक्ताळलेला बाण.

मी घाबरलो, पण फार नाही. त्यांच्या अधिकाऱ्याला सांगितलं, हरणी आमच्या फार्मची, पाहुण्यानं मारली, आमचा मॅनेजर गाडी आणायला गेलाय, आत्ता येईल, त्याला विचारा. अधिकारी शांत माणूस होता. तो थांबला. आम्ही सगळेच थांबलो. सूर्य खाली आला, बाभळीची सावली लांब झाली, आणि मामू आले नाहीत. त्यांचा फोन लागत नव्हता. मला वाटलं, गाडी वाळूत रुतली असेल. हे लोक मला घेऊन निघाले, तेव्हाही मला त्यांचीच काळजी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी, मला ठेवलं होतं त्या ठाण्यात मामू आले. मालकाच्या कारकुनासोबत. इस्त्री केलेला पांढरा झब्बा, दाढी विंचरलेली. त्यांना दारातून आत येताना बघून मी खुर्चीवरून उठलोच. आता सुटलो, असं मनात आलं.

अधिकाऱ्यानं विचारलं, काल फार्मवर शिकारीला कोण आलं होतं. मामू म्हणाले, कुणीही नाही. बाण कुणाचा. माहीत नाही. हा माणूस तिथे कसा पोचला. मामू म्हणाले, "डॉक्टरांना धनुष्याचा शौक आहे. पाहुण्यांची धनुष्यं फार्मवर ठेवलेली असतात. काल ते एकटेच बाहेर पडले."

इतकी अरबी मला येत होती. मी जन्मात कधी धनुष्य ओढलेलं नव्हतं.

मी मराठीत म्हटलं, "मामू, काय सांगताय हे? माझ्याकडे बघा."

त्यांनी बघितलं. आणि हिंदीत म्हणाले, "देखिए डॉक्टर साहब, जो सच है वो बोल दीजिए."

इतक्या वर्षांत ते माझ्याशी हिंदी बोलले नव्हते. खोटं बोलले ते अधिकाऱ्याशी, त्याला कारण असेल, असं मी त्याही अवस्थेत स्वतःला समजावलं असतं. पण त्या हिंदीनं माझ्या पायाखालचं सगळं काढून घेतलं. तुम्ही कोण, मी कोण, असं ती म्हणत होती. मी खाली बसलो.

काही दिवस कोठडीत गेले. बायकोशी फोनवर बोलायला मिळालं तेव्हा तिनं पहिलं विचारलं, "मामू कुठे आहेत? त्यांना सांगितलं का?" मी म्हटलं, त्यांना माहीत आहे. पुढचं सांगायला जमलं नाही.

सुटलो तो त्या शांत अधिकाऱ्यामुळे. माझं म्हणणं त्याला पटलं होतं असं नाही, पण तो स्वतः जागेवर गेला. वारा नसल्यामुळे वाळू तशीच होती. झाडापासून त्याला खड्यांचे छोटे ढीग दिसले, एकापुढे एक, थेट कुंपणाच्या फटीपर्यंत आणि तिथून फार्मच्या आत. ओळीच्या दोन्ही अंगांना पावलं होती, एका बाजूला माझे बूट, दुसऱ्या बाजूला चपला. ओळ जिथे सुरू झाली, तिथे तिसऱ्याच कुणाच्यातरी बुटांचे ठसे आणि मोठ्या गाडीची चाकं. हरणी आतली, बाण आतून सुटलेला, आणि माणसं तीन. त्यानं मालकाला बोलावून घेतलं. पुढे त्या दोघांत काय ठरलं मला कळलं नाही. पाहुण्याचं नाव कुठेच आलं नाही. मला सोडलं आणि दुसरीकडे नोकरी बघायची मुभा मिळाली.

सामान आणायला मी फार्मवर गेलो. मामू चाऱ्याच्या शेडमध्ये होते, पोत्याची शिवण उसवत. मला बघून त्यांनी हात थांबवला नाही.

मी भांडायला गेलो नव्हतो. कोठडीत पडल्या पडल्या एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली होती, ती विचारली. "टेकाडावरून तुम्हाला गाडीची धूळ दिसली होती?"

दगडावरचा सुकलेला थेंब ज्याला लांबून दिसतो, त्याला स्वच्छ उजेडात वाळवंटातली धूळ दिसली नसेल का, हे खरं तर विचारायलाही नको होतं. पण मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी नाही म्हटलं असतं, तर मी आनंदानं विश्वास ठेवला असता.

"दिसली," मामू म्हणाले.

"सरकारी गाडी आहे हे कळलं होतं?"

"कललं."

"मग मला हाक का नाही मारली? दोघंही निघून गेलो असतो."

त्यांनी सुतळी ओढून काढली, बोटाला गुंडाळली. "दोगं गेलो असतो तर ते मागावर आले असते. थेट फार्मवर. मंग पावन्याचं नाव आलं असतं. मालकानं गुन्हेगार म्हनून मना उभा केला असता." मग म्हणाले, "कुनीतरी तितं सापडायला पायजे व्हतं, डॉक्टर."

शेडमध्ये चाऱ्याचा गोडसर वास होता. बाहेर हरणं पाण्याच्या टाकीपाशी जमली होती.

"आणि मीच का?"

"माजी दोनी पोरं याच कफीलच्या इकाम्यावर हाईत. मी गेलो तर तिगंबी खलास." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमी शिकलेले. तुमचं काईतरी होईल असं वाटलं."

कारण खोटं नव्हतं. कफील म्हणजे मालक, आणि त्याच्या नावावरच्या परवान्याशिवाय, इकाम्याशिवाय, परदेशी माणसाला तिथे राहता येत नाही. त्यांच्या दोन्ही पोरांना मी ओळखत होतो, चांगली पोरं. त्यांच्या जागी मी असतो तर, असा विचारही मी पुष्कळदा करून पाहिला आहे. पण मला सारखा तो खांद्यावर ठेवलेला हात आठवतो. धूळ बघून, गाडी ओळखून, सगळं ठरवून माणूस खाली आला होता, आणि मग त्यानं तो हात ठेवला होता.

"जेवून जावा," मामू म्हणाले. "सुरमई केलीय."

मी बॅग उचलली आणि निघालो.

पुढल्याच वर्षी मालकाचा हरणांचा नाद संपला. फार्म विकला गेला, कळप कुणीतरी घेऊन गेलं. मामूंची दोन्ही पोरं गावी परतली, म्हणजे ज्याच्यासाठी सगळं केलं तेही राहिलं नाही. मामू मदिन्याला गेल्याचं कळलं, हरमजवळच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या मशिदीजवळच्या एका हॉटेलात, हाजींची देखभाल करायला. त्या भागात मुसलमान नसलेल्या माझ्यासारख्याला जाता येत नाही. ते बरंच झालं.

मी अजून हाइलमध्येच आहे, मेंढ्यांच्या एका मोठ्या फार्मवर. बाजारात म्हसळ्याच्या एका माणसाचं किराणा दुकान आहे, तिथे महिन्याचं सामान घेतो. परवा गेलो तर त्याची म्हातारी आई गल्ल्याशेजारी बसलेली. उमऱ्याच्या यात्रेसाठी आली होती, मदिना करून मुलाकडे थोडे दिवस राहायला आली होती. मी मराठी बोलतो हे कळल्यावर तिनं मला जवळ बसवून घेतलं.

"मदिन्यात मी पडले ना," ती सांगू लागली. "उन्हानं चक्कर आली. हा माजा पोरगा गर्दीत कुटं गेला, पत्ता नाय. पन हॉटेलातला एक मानूस, आपल्याच बाजूचा, त्यानं मना दवाखान्यात नेला. आनि गेला नाय तितून. दिवसभर माज्या उशाशी बसून व्हता. ड्युटी सोडून. मी म्हटलं, जा रे बाबा, तुला बोलतील. तर म्हनला, बोलू देत." तिनं पदर डोळ्याला लावला. "सगल्यांचा मामू व्हता तो. कोन करतं परक्यासाठी येवडं?"

दुकानदार तांदळाची पिशवी बांधता बांधता म्हणाला, "आधी हाइललाच व्हते म्हने, हरनांच्या फार्मवर. डॉक्टर, तुमच्या वलखीचे असतील."

म्हातारी माझ्याकडे मोठ्या आशेनं बघत होती.

"एका ठिकाणी कामाला होतो," मी म्हटलं.

"मंग फोन लावते ना. नंबर दिलाय त्यानं." तिनं चष्मा लावून फोन हातात घेतला. "बोला दोन शब्द. बरं वाटंल त्याला. येकटाच हाय तो."

मी तांदळाची पिशवी उचलली. दुकानदाराला तेल आणि साबण नंतर पाठवायला सांगितलं. म्हातारीच्या पायाला हात लावला, तब्येतीला जपा म्हटलं.

"लावू ना फोन?" तिनं पुन्हा विचारलं.

"नको," मी म्हटलं, आणि बाहेर उन्हात आलो.